टायरमध्ये हवा भरताना गाडीचं चार्जिंग सॉकेट बंद पडलं, नागपुरात वायरिंगवाल्याकडे न्यावी का?

आधी फ्यूज बघा. हवेचा पंप बराच करंट खेचतो, आणि सॉकेटचा फ्यूज बहुतेक गाड्यांत १५ किंवा २० अँपिअरचाच असतो. बाकी सगळं चालू आणि फक्त सॉकेट बंद, म्हणजे तोच उडाला असणार.

गाडी सावलीत लावा. मे महिन्यात नागपूरच्या उन्हात डॅशबोर्डखाली डोकं घालून बसवत नाही, खरंच सांगतो. इग्निशन बंद करून चावी काढा. एक फ्यूज बॉक्स स्टिअरिंगच्या खाली किंवा बाजूला असतो, दुसरा बॉनेटमध्ये. कोणता फ्यूज कशाचा, हे झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा मॅन्युअलमध्ये असतं. बॉक्समध्येच बहुधा प्लॅस्टिकचा छोटा चिमटा असतो. त्याने फ्यूज सरळ ओढा आणि उजेडात धरा. आतली यू आकाराची पट्टी तुटलेली किंवा प्लॅस्टिक काळवंडलेलं दिसलं, तर तो गेला.

नवा तेवढ्याच अँपिअरचा आणि त्याच मापाचा घ्या. १० लाल, १५ निळा, २० पिवळा. कुठल्याही ऑटो पार्टच्या दुकानात किरकोळ पैशांत मिळतो, दोन-चार जास्तीचे डिक्कीत ठेवा.

बसवण्याआधी सॉकेटमध्ये टॉर्च मारून बघा, आत नाणं पडलं असलं तरी शॉर्ट होतो. नवाही लगेच उडाला, तर मात्र वायरिंगवाल्याकडेच न्या. कोणी ३० चा टाकून देतो म्हणालं तर अजिबात ऐकू नका. फ्यूज टिकेल, पण वायर तापून गाडी पेटू शकते.