विश्वास डळमळल्यावर पुन्हा सेवेत यावं का?

तुम्ही विचारलंय की तीन वर्षं तरुण संघ चालवला, मग विश्वासच उडाला म्हणून सेवा सोडली. आता मंडळी, म्हणजे तुमचं चर्च, परत बोलावतेय, तर जावं का, आणि आधी सगळ्यांसमोर साक्ष द्यावी का, म्हणजे आपण कसे पडलो नि प्रभूनं कसं उचललं ते उभं राहून सांगावं का. साक्षीचं आधी सांगतो. देऊ नका.

मी शिकलेला पाळक नाही. यवतमाळची युनियन बिब्लिकल सेमिनरी, पाळक घडवणारी शाळा, 1983 ला पुण्याला गेली, तेव्हा तिथल्या मेसमध्ये स्वयंपाक करणारे माझे बाबा आम्हाला घेऊन गावी शेतीवर परतले. पण बायबलचं वचन घरात होतं. पाळकसाहेब महिन्यातून एकदा यायचे, बाकीच्या रविवारी उपासनेतला संदेश, म्हणजे प्रवचन, माझा. गंडेदोऱ्यांविरुद्ध बोलायला लागलो की म्हाताऱ्या पदर तोंडाला लावून हसायच्या, इतका रंगात यायचो.

2017 ला बोंडअळीनं कापूस नेला. त्यानंतर प्रार्थनेला बसलो की भिंतीशी बोलतोय असं वाटायचं. संदेश मात्र चालूच. उलट आवाज चढला. पुढच्या पावसाळ्यात मुलगी तापली, अकरा वर्षांची. गावातल्या गोळ्या, सलाईन, नऊ दिवस. दहाव्या रात्री तिला मोटरसायकलवर मध्ये बसवून, मागे बायको, असे आम्ही दोन कोसांवरच्या भगताकडे गेलो. आईनं हट्ट धरला म्हणून गेलो, असं मी पुढे वर्षभर सांगत होतो. खोटं. आई झोपली होती.

भगतानं लिंबू उतरवला, काळा दोरा दिला. पोरीच्या मनगटावर तो मी बांधला. निघताना तो म्हणाला, "दोरा राहू द्या, पन पोट्टीले सकाळीच यवतमायले न्या." माझ्यापेक्षा तोच शहाणा निघाला. यवतमाळला टायफॉईड निघाला, आठवड्यात पोरगी उठून बसली.

तिथे मेव्हणा केळी घेऊन आला. तोच मंडळीचा सेक्रेटरी. दोरा त्यानं पाहिला, पण तिथे एक शब्द बोलला नाही. बोलला तो कमिटीत. माझा संदेश बंद, प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस बंद, आणि परत यायचं तर उपासनेत उभं राहून साक्ष.

साक्ष कशाची देणार होतो? दोऱ्याची. दोरा सगळ्यांना दिसला होता, त्याची माफीही तिथल्या तिथे मिळाली असती, वर हालेलुया. पण त्याआधीचे कित्येक महिने मी आतून कोरडा असताना लोकांना विश्वास शिकवत होतो, ते कुणाच्या यादीतच नव्हतं. आमच्याकडे साक्षीला एक ठरलेली चाल आहे: मी असा होतो, प्रभूनं उचललं, आता बघा. मला तेव्हा कुणी उचललंच नव्हतं. पुन्हा उभं राहून खोटंच बोलायचं का? नाही म्हणालो आणि चौदा महिने मागच्या सतरंजीवर बसलो.

मला परत आणलं ते एका आजीनं. जन्मभर खेडोपाडी वचन सांगत फिरलेल्या, आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एका संध्याकाळी निरोप आला, बायबल वाचून दाखव. मी म्हटलं, आजी, माझा विश्वास राहिला नाही. त्या म्हणाल्या, "विश्वास हाय माह्यापाशी. डोये नाहीत. तुह्यापाशी डोये हायेत ना? मंग वाच." आठवड्यातून दोनदा वाचू लागलो. स्तोत्रं जास्त, कारण त्यांना ती पाठ होती आणि मी ओळ गाळली की लगेच पकडायच्या. प्रार्थना त्याच करायच्या. सहासात महिन्यांनी एकदा त्यांना खोकला लागला, म्हणून ती मी पुरी केली. एवढंच झालं.

प्रभूला तीनदा नाकारलेल्या पेत्राचं उदाहरण तुम्हाला सगळेच देतील. पेत्राचं बरं होतं, त्याला प्रभूनं स्वतः समुद्राकाठी न्याहारी दिली आणि तीनदा विचारून कामाला लावलं. आपल्याला माणसांमधून परत यायचं असतं, म्हणून मार्क बघा, प्रेषित पौल आणि बर्णबा यांच्याबरोबर सेवेला निघालेला. पंफुलियातून काम अर्धवट टाकून घरी गेला. बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये 15 मध्ये पौल त्याला पुन्हा न्यायला तयार नाही, त्यावरून त्याचं आणि बर्णबाचं फाटलं, आणि बर्णबा त्याला घेऊन कुप्राला गेला. मेव्हणा इथवरच वाचायचा. "पौल नाही म्हणाला का नाही?" 2 तीमथ्य 4:11 मी त्याला किती वेळा दाखवलं! तुरुंगातला पौल लिहितो की मार्काला घेऊन ये, सेवेला तो उपयोगी आहे. मधे साक्षबिक्ष कुठे आहे? अर्थात "माझं चुकलं" असंही पौलानं लिहिलेलं नाही, आणि ते मला अजून खुपतं.

तेव्हा जा, पण तरुण संघाची खुर्ची घेऊ नका. तुमच्या मंडळीत कुणाला तरी डोळे, हात, गाडी लागत असेल. पाळकांना एकट्यांना खरं ते सांगा. किती दिवसांनी संदेश द्यावा, ते मला विचारू नका.

एक राहिलं. तुमचं पडणं पैशाचं किंवा कुणा बाईमाणसाला, लेकराला त्रास दिल्याचं असेल, तर वरचं काहीच तुमच्यासाठी नाही. आधी हिशेब द्या, आणि मुलांच्या कामापासून कायमचे लांब राहा.

मार्काला बोलावतो त्याच पत्रात पुढे दोन ओळींनी पौल त्रोवसात राहिलेला झगा मागवतो. गेल्या नाताळच्या आदल्या आठवड्यात मेव्हण्याचा फोन आला, दीड मिनिटाचा. "पाळकसाहेब येत नाहीत. रविवारी संदेश तुझा. आन येताना तुह्या घरच्या दोन सतरंज्या घेऊन ये, इथं कमी पडतात."

नेल्या.