लिंकचं वजन

प्रश्न : आमच्या साइटची 'डोमेन ऑथॉरिटी' २१ वरून १७ वर आली. गूगलने शिक्षा केली का?

उत्तर : नाही. साइट सर्चमध्ये किती वर येऊ शकेल याचा अंदाज देणारा हा १ ते १०० चा आकडा मॉझ या सर्च-साधनं बनवणाऱ्या कंपनीचा. गूगल तो वापरत नाही. तो तुलनेवर ठरतो, त्यामुळे इतर साइट्स वाढल्या तरी तुमचा उतरतो. गूगलच्या मूळ पेजरँकचा (येणाऱ्या लिंक्सवरून पानाला गुण देण्याच्या पद्धतीचा) हिशेब मात्र समजून घ्याच : पानाच्या गुणांचा ०.८५ भाग त्यावरच्या सगळ्या लिंक्समध्ये सारखा वाटला जातो. तुम्हाला लिंक देणाऱ्या ४ गुणांच्या पानावर एकूण ५० लिंक्स असतील तर तुमच्या वाट्याला ०.०६८, १ गुणाच्या पानावर पाचच असतील तर ०.१७! म्हणून ढीगभर लिंक्सच्या याद्यांमध्ये विकत जागा घेण्यावर पैसे घालवू नका. सर्च कन्सोल या गूगलच्या साइटमालकांसाठीच्या साधनामध्ये 'लिंक्स' उघडा. बाहेरून लिंक असलेलं जुनं पान ४०४ ('पान सापडलं नाही') दाखवत असेल तर ते त्याच विषयाच्या नव्या पानाकडे ३०१ने (कायमचं) वळवा. सरसकट मुखपृष्ठाकडे नको.