एमबीएच्या इंटरव्ह्यूत नक्की काय विचारतात? इंग्रजी अडखळत असेल तर निभाव लागतो का?

तुम्ही लिहिलंय की मेकॅनिकल झालंय, दोन वर्षं पुण्यात आयटीत काढलीत, कॅटवर (एमबीएची प्रवेश परीक्षा) इंटरव्ह्यूचे दोन कॉल आलेत आणि इंग्रजीची धास्ती वाटतेय. मीही मेकॅनिकलच, वाळवा तालुक्यातला, दहावीपर्यंत मराठी माध्यम. इंग्रजीने माझं काही बिघडलं नाही. माझा पहिला इंटरव्ह्यू गेला तो उसावर.

महिनाभर मी रेपो रेट, बजेट, जीएसटी घोकत होतो. पॅनेलवर दोघे होते. एकाने फॉर्म चाळला, वडिलांचा व्यवसाय शेती, जिल्हा सांगली, आणि विचारलं, "उसाला भाव कोण ठरवतं?" मी म्हटलं, कारखाना. "मग एफआरपी म्हणजे काय?" मला शब्द ऐकून माहीत, पलीकडे काही नाही. "रिकव्हरी?" त्यावरही गप्प. ज्या पैशावर माझी इंजिनिअरिंगची फी भरली गेली, त्याचाच हिशेब मला येत नव्हता. त्यांनी शांतपणे पाणी पुढे केलं. तो कॉल गेला, हे निकालाआधीच कळलं होतं.

रात्री वडिलांना, म्हणजे अण्णांना, फोन केला. "इंजिनिअर झालास आणि आता उतारा विचारतोस होय?" म्हणाले, आणि मग अर्धा तास बोलले. केंद्र सरकार कृषिमूल्य आयोगाच्या शिफारशीवरून एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा किमान दर, ठरवतं, ती साखरेच्या उताऱ्याशी, म्हणजेच रिकव्हरीशी, बांधलेली असते, आणि ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असा नियम आहे. (पाळला किती जातो, ते कुठल्याही ऊसवाल्याला विचारा.) २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये आहेत. म्हणजे टनामागे सुमारे १०२ किलो साखर निघाली तर हा दर, उतारा वाढला की दरही वाढतो. आपल्याकडचा उतारा बरा असतो, म्हणून दराचं भांडणही आपल्याकडेच जास्त पेटतं.

गंमत म्हणजे दुसऱ्या इंटरव्ह्यूत उसाचं नावही निघालं नाही! रँकिन सायकल (वाफेवर वीज बनवण्याचं चक्र) काढायला सांगितली, कागद पुढे सरकवला. मग "मेकॅनिकल शिकून आयटीत का?" माझं तयार उत्तर 'मॅनेजमेंट स्किल्स वाढवायची आहेत' छापाचं होतं, ते गिळलं आणि खरं सांगितलं: कॅम्पसला आली तीच कंपनी घेतली. त्यावर तिघांनी वीस मिनिटं फिरवून फिरवून घेतलं, पण बोलणं तरी झालं. 'पाच वर्षांनी कुठे असाल' वगैरे कोणी विचारलंच नाही. इंग्रजीत मी दोनदा अडकलो, थांबलो, वाक्य पुन्हा सुरू केलं. कोणी भुवई उंचावली नाही. तिथे प्रवेश मिळाला.

त्यामुळे आज रात्री स्वतःचा फॉर्म छापून घ्या आणि प्रत्येक ओळीवर तीन-तीन प्रश्न स्वतःलाच विचारा. छंद 'वाचन' लिहिला असेल तर शेवटचं पुस्तक कोणतं, आणि त्यात काय पटलं नाही? कंपनीचा पैसा नक्की कुठून येतो, तुमचं काम कोणत्या बिलात बसतं? ग्रॅज्युएशनचे दोन आवडते विषय पुन्हा उघडा. माहीत नसेल तर सरळ 'माहीत नाही' म्हणा. अंदाज ठोकलात तर पुढचे चार प्रश्न त्या अंदाजावरच येतात.

बऱ्याच ठिकाणी इंटरव्ह्यूआधी छोटा निबंध लिहायला लावतात. त्याला आणि इंटरव्ह्यूला किती वजन, हे प्रत्येक संस्थेच्या प्रवेश धोरणात दिलेलं असतं. आणि दोन्ही कॉल हुकले तर? राज्याची सीईटी द्याच. तिथे कॅपमधून (राज्याची केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) मार्कांवर जागा मिळते, मुंबईची जमनालाल बजाज संस्थासुद्धा, इंटरव्ह्यूची भानगड नाही.

तुमचं गाव कुठलं आणि फॉर्ममध्ये छंद काय लिहिलाय, ते खाली टाका. पहिले पाच प्रश्न मी विचारतो.