मॅटलॅबमध्ये उत्तर ऋण, सायपायमध्ये मात्र 0: असं का?

एकच रेषीय मॉडेल (अटी पाळून एखादी किंमत कमीत कमी करण्याचं गणित) मॅटलॅबमध्ये आणि पायथनच्या सायपाय लायब्ररीत सोडवलंत आणि उत्तरं वेगळी आली. तुमचं मॉडेल बरोबर आहे, फरक आहे तो न दिलेल्या बाउंड्सचा, म्हणजे व्हेरिएबलच्या खालच्या-वरच्या मर्यादांचा. मॅटलॅबच्या लिनप्रोगला (असं गणित सोडवणारं फंक्शन) बाउंड्स दिले नाहीत तर तो प्रत्येक व्हेरिएबल पूर्ण मोकळं धरतो. सायपायचा लिनप्रोग त्याच जागी 0 ते अनंत धरतो आणि तसं सांगतही नाही.

लहान उदाहरणावर तपासा. क्ष + 2य कमीत कमी करायचं आहे. अटी क्ष + य ≥ -4 आणि य ≥ -3. हातानं केलं तर क्ष = -1, य = -3, किंमत -7. सायपायमध्ये दोन्ही अटी मॅट्रिक्सच्या ओळी म्हणून दिल्या की उत्तर येतं 0. य ≥ -3 ही ओळ लिहिल्यानं आधीचा य ≥ 0 हा बाउंड जात नाही. दोन्ही एकत्र लागू होतात आणि कडक असेल तो जिंकतो.

म्हणून य ≥ -3 ओळीतून काढा आणि बाउंड्समध्ये दोन जोड्या द्या: क्षसाठी (नन, नन), यसाठी (-3, नन). नन म्हणजे पायथनचं None, इथे अर्थ 'मर्यादा नाही'. मॅट्रिक्समध्ये एकच ओळ उरते, तीही चिन्ह उलटवून: -क्ष - य ≤ 4, कारण लिनप्रोगला ≤ च हवं असतं. जोड्यांचा क्रम व्हेरिएबल्सच्या क्रमाप्रमाणेच ठेवा. एकच जोडी दिलीत तर ती सगळ्या व्हेरिएबल्सना लागते. ही चूक सहसा एररशिवाय खपून जाते, म्हणून जास्त त्रासदायक.

अशी गणितं सोडवणाऱ्या दुसऱ्या साधनात मॉडेल नेणार असाल तर: गुरोबीतही खालची मर्यादा न सांगता 0 असते, त्यामुळे नुसती वरची मर्यादा -2 दिलीत की मॉडेल इन्फीझिबल, म्हणजे सगळ्या अटी पाळणारं उत्तरच नाही. पल्पमध्ये उलट, काही न दिलेलं व्हेरिएबल मोकळं असतं, म्हणून विसरलात तर अनबाउंडेड (किंमत अमर्याद घटत जाते) येण्याची शक्यता. जीएलपीकेची एपीआय (तिची फंक्शन्स आपल्या प्रोग्राममधून बोलावणं) थेट वापरत असाल तर नवीन कॉलम, म्हणजे नवीन व्हेरिएबल, चक्क 0 वर फिक्स असतो. मी तर प्रत्येक व्हेरिएबलच्या दोन्ही मर्यादा लिहूनच टाकतो, डिफॉल्ट काहीही असो.

अनंताऐवजी 1000000000 सारखा आकडा मात्र घालू नका. अट राहून गेली असेल तर सॉल्व्हर (गणित सोडवणारं सॉफ्टवेअर) अनबाउंडेड म्हणण्याऐवजी त्या आकड्यावर जाऊन थांबतो आणि उत्तर 'ऑप्टिमल' म्हणून देतो. शिवाय मॉडेलमधले बाकीचे आकडे लहान असतील तर गणिताची अचूकताही बिघडू शकते.

संवेदनशीलता बघायची असेल तर बाउंडची सावली-किंमत (मर्यादा थोडी हलवली तर उत्तराची किंमत किती दरानं बदलते) असमानतांच्या यादीत शोधू नका. ती सायपायच्या निकालातल्या 'लोअर' आणि 'अपर'च्या मार्जिनल्समध्ये असते. वरच्या उदाहरणात यच्या खालच्या मर्यादेची 1.