भावाच्या कामावरच्या अपघाताची केस फक्त ठेकेदारावर टाकली आहे. आता कंपनी आणि विमा कंपनीलाही पार्टी करता येईल का?

येईल. लेबर कोर्टात तसा अर्ज द्या. पण तुमच्या भावाला एकट्या ठेकेदारावर दावा टाकायचा सल्ला दिला कोणी? आमच्याकडे हाच सल्ला सख्ख्या काकांनी दिला होता.

वडील नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका कंपनीत पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबायच्या मशीनवर होते, ठेकेदाराकडून. सेन्सर बंद होता, प्रेस खाली आली, उजव्या हाताची दोन बोटं गेली. ठेकेदार निफाडकडचा, काकांच्या बसण्याउठण्यातला. काका म्हणाले, "दादा, कंपनीचं नाव घालू नको, आपलं पोरगं तिथंच आहे, त्याला पर्मनंट करणारेत." आता ठेकेदाराकडे होतं काय? एक टेम्पो, तोही हप्त्यावरचा. त्याच्याविरुद्धचा निकाल काय भिंतीला लावायचा? वडिलांनी ऐकलं नाही. वकीलबाईंनी सुरुवातीलाच ठेकेदार, कंपनी आणि विमा कंपनी, तिघांना सामनेवाले केलं.

कंपनीची कैफियत, म्हणजे लेखी उत्तर आलं: हा आमचा कामगारच नाही! गेटपासवर शिक्का त्यांचा, कॅन्टीनचं कुपन त्यांचं, प्रेस त्यांची, माल त्यांचा. १९२३ च्या भरपाई कायद्यातलं कलम १२ अशांसाठीच आहे. काम कंपनीच्या नेहमीच्या धंद्यातलं आणि अपघात तिच्या ताब्यातल्या जागेत, तर ठेकेदाराच्या माणसाची भरपाई तिच्याकडूनही मागता येते. नंतर तिने ती ठेकेदाराकडून वसूल करावी, आपल्याला काय त्याचं? आमचे पैसे शेवटी कंपनीनेच कोर्टात भरले. मुळात रक्कम तुटपुंजी असते. एका हाताची दोन बोटं गेली तर कायद्याच्या परिशिष्टात कमाईची ताकद २० टक्केच गेली असं धरतात, आणि पगार जास्त असला तरी २०२० पासून हिशेब महिना १५,००० वर थांबतो. त्यात समोरचा कफल्लक असला म्हणजे झालंच.

विमा कंपनीला घ्याच, पण ठेकेदाराची पॉलिसी मागवून वाचा, काहींत भरपाईवरचं व्याज वगळलेलं असतं. थकवल्याबद्दलचा दंड, ५० टक्क्यांपर्यंतचा, मालकाच्याच अंगावर येतो.

हो, दोन गोष्टी राहिल्या. दाव्याची मुदत दोन वर्षं, ती उलटल्यावर नाव जोडलंत तर कंपनी आधी तेच उकरणार. आणि भाऊ ईएसआयमध्ये, म्हणजे सरकारी कामगार विमा योजनेत असेल तर हा दावाच चालत नाही, जे मिळायचं ते ईएसआयकडून. शिवाय २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी सामाजिक सुरक्षा संहिता आली आहे, तेव्हा अपघाताची तारीख सांगून कलमं वकिलाकडून तपासून घ्या.

कोणी नातेवाईक म्हणालाच, "कंपनीला कशाला ओढता," तर त्याचं कोण तिथे कामाला आहे ते आधी विचारा. आमच्या चुलतभावाला अजून पर्मनंट केलेलं नाही, आणि कंपनीचं नाव घातलं म्हणूनच केलं नाही असं काका आजही सांगतात. त्याच्या बरोबरीने लागलेल्या बाकीच्या पोरांनाही केलेलं नाही, त्यांच्या बापांनी कोणावर केस टाकली होती?