विदर्भातल्या खेड्यांत नेत्रतज्ज्ञ म्हणून काम करायचं, शिबिरं घ्यायची, तर तयारी काय हवी?

तुम्ही नेत्रचिकित्सेत एमएस करताय आणि पुढे यवतमाळकडे बसून गावोगावी शिबिरं घ्यायचा विचार आहे, म्हणून विचारलंय. आधी एसआयसीएसवर, म्हणजे छोट्या छेदातून हातानेच मोतीबिंदू काढायच्या ऑपरेशनवर, हात बसवा. फेको (अल्ट्रासाउंडने मोतीबिंदू फोडून काढणं) शिकाच, पण आपल्याकडे ‘पिकू द्या’ म्हणत माणूस इतका थांबतो की मोतीबिंदू कडक, तपकिरी होऊनच समोर येतो. अशा वेळी एसआयसीएसचा साडेसहा मिलिमीटरचा नीट बांधलेला बोगदा, म्हणजे आत जायचा छेद, जास्त भरवशाचा. टाका लागत नाही, साधी पीएमएमए (कडक प्लास्टिकची) लेन्स बसते.

तारीख शेती बघून ठरवा. सोयाबीनच्या सोंगणीपासून कापसाची वेचणी आटोपेपर्यंत पेशंटला घेऊन यायला घरात माणूस नसतो. गडचिरोलीकडे मे महिना तेंदूपत्त्यात जातो. फेब्रुवारी-मार्च बरा.

गावात फक्त तपासणी. ऑपरेशन हॉस्पिटलच्या थिएटरमध्येच. 6 मीटरवर एकेक डोळा झाकून नजर बघा, मग पिनहोल (बारीक भोकाची चकती) लावा. पिनहोलने सुधारली तर बहुतेकदा चष्म्यावर भागतं. बाहुली मोठी करायचे थेंब घालण्याआधी बाजूने टॉर्च मारून डोळ्याचा पुढचा कप्पा उथळ नाही ना, ते बघा. उथळ असेल तर काचबिंदूचा झटका येऊ शकतो. बीपी, शुगर सगळेच करतात. घाईत राहून जातं ते नाकाशेजारच्या कोपऱ्यावर बोट दाबून बघणं. दाबल्यावर पू किंवा चिकट पाणी वर आलं तर अश्रुपिशवीत जंतू आहेत. आधी तिचा इलाज, मग मोतीबिंदू. नाहीतर तेच जंतू डोळ्याच्या आत जातात.

माझ्या मते शिबिराचा खरा हिशेब सहाव्या आठवड्याला होतो. दुसरा दिवस, आठवडा आणि सहा आठवडे, या तिन्ही तपासण्यांची गाडी ऑपरेशनआधीच ठरवा. स्टिरॉइडचे थेंब दिवसाला सहा वेळा सुरू करून हळूहळू कमी करायचे असतात. एकटी राहणारी आजी ते घालणार कसे? शेजारीण, नातू, कुणीतरी नाव घेऊन ठरवा आणि बाटलीचं टोक पापणीला न लावता थेंब घालायला त्याच्याकडून करून घ्या. दुखणं वाढलं, नजर कमी झाली, पू आला, तर सकाळची वाट बघायची नाही. हे कार्डावर मोठ्या अक्षरात, खाली तुमचा आणि आशाताईंचा नंबर.

शिबिरांइतकंच मोलाचं आणि दुर्लक्षित काम बुबुळाच्या जखमांचं आहे. पऱ्हाटीची काडी किंवा धानाची लोंबी लागते, दोन दिवस घरगुती रस, दूध घालण्यात जातात, मग बुरशी वाढते आणि शेवटी फूल पडून नजर जाते. 10 टक्के केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण) आणि साधा मायक्रोस्कोप क्लिनिकमध्ये ठेवा, जखमेची खरवड लगेच बघता येते. बुरशी दिसली तर 5 टक्के नॅटामायसिन हे बुरशीवरचे थेंब, सुरुवातीला दर तासाला. ताजी खरचट असेल तर आशाताईंनी अँटिबायोटिक मलम लावून त्याच दिवशी तुमच्याकडे पाठवावं, एवढं त्यांना शिकवा. आणि आसपासच्या प्रत्येक मेडिकलवाल्याला स्वतः भेटा: डोळा लाल आहे म्हणून डेक्सामेथासोनचे (स्टिरॉइडचे) थेंब चिठ्ठीशिवाय द्यायचे नाहीत. त्याने दोन दिवस बरं वाटतं आणि खाली बुरशी मोकाट पसरते.