अंतर कळलं, पण वेळ कळला का? विमानप्रवासावर वाचकांचे प्रश्न

बहुतेक पत्रांत एकच गोंधळ दिसतो. दोन विमानतळांमधलं अंतर शोधायचं, शेजारी लिहिलेला उड्डाणाचा वेळ उचलायचा आणि त्यावर सगळा बेत आखायचा. म्हणून आज याच विषयावरचे प्रश्न घेतले आहेत.

लंडन–न्यूयॉर्क अंतर एका ठिकाणी ५,५४० दिसतं, दुसरीकडे २,९९०. खरं कोणतं?

दोन्ही. पहिला आकडा किलोमीटरचा, दुसरा सागरी मैलांचा. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर.

नकाशावर विमानाचा मार्ग वाकडा का दिसतो?

नकाशा सपाट आहे, पृथ्वी नाही. पृथ्वीगोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणून बघा. दोरा जिथून जाईल तोच जवळचा मार्ग.

लंडनहून न्यूयॉर्कला जाताना आठ तास, येताना सातच. चूक आहे का?

नाही. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीमचे जोरदार वारे वाहतात. पूर्वेला जाताना ते पाठीशी असतात, पश्चिमेला जाताना तोंडावर. शिवाय अंतर तेच राहूनही वेळ बदलतो. लंडन–टोकियो उड्डाणाला पूर्वी साधारण १२ तास लागत. २०२२ मध्ये रशियाचं आकाश अनेक कंपन्यांना बंद झालं आणि वळसा घेऊन तेच उड्डाण १४ तासांच्या आसपास गेलं. त्यामुळे वेळ तिकिटावरचाच धरा. तिथली सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ त्या त्या गावची असते, हेही विसरू नका.

पहिलं उड्डाण १ तास ४० मिनिटांचं. त्यानंतर ५५ मिनिटांनी दुसऱ्या कंपनीचं परदेशी विमान आहे. तिकिटं वेगळी घेतली तर स्वस्त पडतात. एका संकेतस्थळावर ‘आरामात जमेल’ असं लिहिलंय. घेऊ का?

घेऊ नका. ते १ तास ४० मिनिटं आले कुठून, हे आधी बघा. अशी बरीच संकेतस्थळं अंतराला ठरावीक वेगाने भागतात आणि वर अर्धा तास मिळवतात. विमान गेटवरून मागे ढकलल्यावर धावपट्टीसाठी रांगेत उभं राहतं, पोहोचल्यावर उतरायची परवानगी मिळेपर्यंत घिरट्या घालतं. हा वेळ त्या हिशेबात कुठेही नसतो.

त्यात तुमची तिकिटं वेगळी. म्हणजे सामान पट्ट्यावरून स्वतः उचलायचं, बाहेर यायचं, पुन्हा चेक-इन करायचं. परदेशी उड्डाणाचा काउंटर बऱ्याचदा तासभर आधीच बंद होतो. तुमच्या हातात ५५ मिनिटं, म्हणजे पहिलं विमान वेळेवर उतरलं तरी तो बंद झालेला असेल! काचेपलीकडे विमान उभं, दार मात्र लागलेलं आणि अलीकडे घामाघूम कुटुंब, हे मी अनेकदा पाहिलंय. दुसरी कंपनी तुम्हाला ‘आला नाहीत’ म्हणून नोंदवते आणि अनेकदा परतीचं तिकीटही रद्द होतं. पैसे वाचवल्याची जाहिरात करणारे हे सांगत नाहीत. एकाच तिकिटावर जोडउड्डाण असेल, तर पहिल्याच्या उशिरामुळे दुसरं चुकल्यावर पुढची सोय करणं कंपनीवर येतं. थोडे जास्त पैसे त्यासाठीच द्या.

आणि दोन्ही उड्डाणं एकाच विमानतळावरची आहेत ना? टोकियोचा नारिता शहराच्या मध्यापासून साधारण ६० किलोमीटर लांब आहे आणि हानेदा हा वेगळाच विमानतळ. पैसे भरण्याआधी कंपनीला किंवा अनुभवी एजंटाला विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

बारा तासांच्या प्रवासात पाय सुजतात. शेजारी म्हणतात, अ‍ॅस्पिरिन घ्या.

शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून गोळी घेऊ नका. चार तासांहून लांब प्रवासात पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो. अधूनमधून उठून चाला. पूर्वी गुठळी झाली असेल, गरोदर असाल किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना भेटा, निघायच्या आदल्या दिवशी नको.